बॉस्टनच्या चहापासून यॉर्कटाऊनच्या कॉर्नवॉलिसपर्यंत

शाळेत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे आम्हाला तीन ओळी होत्या. चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या, वॉशिंग्टन लढला, ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्य मिळालं. टिपा लिहा, मार्क पाच, विषय संपला. भाची बॉस्टनला नोकरीला लागल्यापासून "मामा, या की एकदा" चालूच होतं, तर म्हणलं येतो, पण मला नायगारा-बियगारा नको, या तीन ओळींची भानगड जिथं जिथं झाली तिथं ने. तिनं कपाळाला हात लावला, पण रूट मात्र झकास आखला. बॉस्टन, कॉन्कर्ड, मग फिलाडेल्फिया आणि शेवटी खाली व्हर्जिनिया. मी, आमची ही आणि भाची. ऑक्टोबरचा मध्य. व्हिसा, विमान, बॅगांची वजनं हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो.

शनिवार, बॉस्टन

बॉस्टनमध्ये गाईड नसला तरी चालतं. बॉस्टन कॉमन नावाच्या मोठ्या बागेपासून रस्त्यावर एक लाल पट्टा सुरू होतो, कुठं विटांचा, कुठं नुसता रंगवलेला, त्याच्यावरून चालत राहायचं. फ्रीडम ट्रेल म्हणतात याला, साधारण ४ किलोमीटर. नकाशा नको, काही नको, मान खाली घालून चाला की इतिहास आपोआप येतो.

ओल्ड स्टेट हाऊसपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. काचेच्या उंच बिल्डिंगांच्या मधोमध विटांची छोटीशी इमारत, तिच्या छपरावर ब्रिटिश राजाचा सिंह आणि युनिकॉर्न अजून उभे. मूळचे १७७६ मध्ये लोकांनी उतरवून जाळले, हे नंतर बसवलेले. बाल्कनीच्या खाली चौकात दगडांचं एक वर्तुळ आहे, बाजूनं गाड्या जातायत आणि लोक त्याच्यावर उभं राहून सेल्फी काढतायत. ५ मार्च १७७० ला ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं गेली त्याची ही खूण. मेलेल्यांत क्रिस्पस ॲटक्स होता, आफ्रिकन आणि मूळनिवासी रक्ताचा खलाशी. मला जास्त भावली ती पुढची गोष्ट. या शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सनं, जो पुढं अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. अख्खं शहर खवळलेलं असताना त्यानं सहा शिपाई निर्दोष सोडवले आणि दोघांना खुनाऐवजी सदोष मनुष्यवधावर आणलं, त्यांच्या अंगठ्यावर डाग देऊन सोडून दिलं. म्हणजे राजाशी भांडण होतं पण कोर्टाशी नव्हतं.

दुपारी बंदरावरचं टी पार्टी म्युझियम. इथं नाटकासारखं असतं सगळं, आपल्या हातात एक पीस देतात, एक नाव देतात, सभेत "हुझा" ओरडायला लावतात आणि मग जहाजावर नेऊन पेटी समुद्रात टाकायला देतात. पेटीला दोरी बांधलेली असते, परत ओढून घेतात, पुढच्या बॅचला तीच. हिनं अशी काही भिरकावली की कलाकार पोरगा म्हणाला, मॅडम तुमचं किंग जॉर्जशी वैयक्तिक आहे का काही. ही म्हणाली, आमचं कंपनी सरकारशी आहे.

आणि ते खरंच आहे. चहा ईस्ट इंडिया कंपनीचाच होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, वजनानं ९२ हजार पौंडांच्या वर माल. सगळा चिनी, आसामच्या चहाचा तेव्हा पत्ता नव्हता. शाळेत कोणी सांगितलं नव्हतं ते हे, की त्या वर्षीच्या टी ॲक्टनं चहा महाग नव्हता झाला, स्वस्त झाला होता! कंपनी कर्जात बुडालेली, गोदामात चहा पडून, म्हणून लंडनच्या सरकारनं तिला वसाहतींत थेट विकायची सवलत दिली. पौंडाला तीन पेन्सचा कर मात्र तसाच ठेवला. बॉस्टनवाल्यांचं म्हणणं, स्वस्त असो नाहीतर फुकट, आमच्यावर कर बसवायचा तर आमच्या सभेनं बसवायचा, तुमच्या पार्लमेंटमध्ये आमचा एक माणूस नाही. वर कंपनीनं बंगालमध्ये काय केलं त्याच्या बातम्या इथं पोचल्या होत्या, १७७० च्या दुष्काळाच्या सुद्धा, आणि उद्या आपलीही तीच गत होईल असं इथले लोक छापून सांगत होते. त्याच १७७३ च्या ऑगस्टमध्ये इकडं शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. ही तारीख डोक्यात ठेवली की दोन्हीकडचा काळ बरोबर जुळवता येतो.

म्युझियमच्या टीरूममध्ये तेव्हाच्या पाच जातींचा चहा प्यायला मिळतो. दूध न घालता प्या म्हणतात. हिनं दूध मागितलंच.

संध्याकाळी नॉर्थ एंड भागात पॉल रिव्हेअरचं लाकडी घर, ब्रिटिश फौज निघाल्याचा निरोप घेऊन रात्री घोड्यावरून सुटला तो हा, जवळच त्याच निरोपाच्या कंदिलांचं ओल्ड नॉर्थ चर्च आणि मग हॅनोव्हर स्ट्रीटवर कनोली, म्हणजे गोड सारणाची कुरकुरीत नळी. एक कनोली तिघांत पुरेल असं वाटतं, पुरत नाही.

टीप म्हणून सांगतो, बूट चांगले घाला. फूटपाथ विटांचे, वर-खाली झालेले, आणि पाऊस पडला की घसरडे. बंकर हिलच्या मनोऱ्याला २९४ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, गुडघे विचारून ठरवा.

सोमवार, लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्ड

रविवार पावसात गेला, भाचीच्या घरी खिचडी आणि पापड. सोमवारी सकाळी धुकं, आणि नऊ वाजता एकदम ऊन पडलं तशी झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी दिसायला लागली. फोटोत ते येत नाही, सोडून द्या.

लेक्झिंग्टनचं मैदान बघून मी जरा हिरमुसलोच. एवढंसं तिकोनी गवत. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे इथं जेमतेम ७७ गावकरी बंदुका घेऊन उभे होते आणि समोरून येणाऱ्या ब्रिटिश फौजेत सगळे मिळून ७०० च्या आसपास शिपाई. पहिली गोळी कोणी झाडली ते आजतागायत ठरलेलं नाही. आठ गावकरी मेले. तिथून फौज कॉन्कर्डला लपवलेला दारूगोळा शोधायला गेली, नॉर्थ ब्रिजवर तिला मार बसला, आणि परतीच्या सगळ्या वाटेवर झाडांआडून, दगडी कुंपणांआडून गोळ्या. दिवसअखेर ब्रिटिशांचे ७३ मेले, वसाहतवाल्यांचे ४९. ती वाट आता बॅटल रोड म्हणून पायी चालता येते. आम्ही एक तुकडा चाललो. पॉल रिव्हेअर जिथं पकडला गेला ती जागा याच वाटेवर आहे. हो, पकडला गेला! कॉन्कर्डपर्यंत निरोप पोचवला तो सॅम्युअल प्रेस्कॉट नावाच्या तरुण डॉक्टरनं, पण त्याचं नाव कोणी घेत नाही.

नॉर्थ ब्रिज लाकडी, खाली संथ नदी, पलीकडं नांगर आणि बंदूक दोन्ही घेतलेल्या शेतकऱ्याचा पुतळा. अलीकडं भिंतीला लागून तिथं मेलेल्या ब्रिटिश शिपायांची कबर, तिच्यावर कोणीतरी छोटे युनियन जॅक खोचलेले. तिथं एक सत्तरीच्या बाई भेटल्या, गावातल्याच, कुत्रं फिरवायला आलेल्या. इंडियातून आलोय म्हणल्यावर थोरो या लेखकाचं तळं बघितलं का, गांधींनी त्याला वाचलं होतं ना, असं सुरू झालं. मग मी विचारलं, ही शेतकरी माणसं एका रात्रीत अशी जमलीच कशी? तर बाई म्हणाल्या, एका रात्रीत नाही, ती दीडशे वर्षं जमतच होती. टाऊन मीटिंग, म्हणजे आपली ग्रामसभाच म्हणा ना. रस्ता दुरुस्त करायचा, शाळामास्तरचा पगार ठरवायचा, दारूगोळा विकत घ्यायचा, सगळं मतदानानं. टी पार्टीनंतर लंडननं जे कडक कायदे केले त्यांत बॉस्टनचं बंदर बंद केलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण या गावांना खरं झोंबलं ते दुसरं कलम, गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकापेक्षा जास्त टाऊन मीटिंग घ्यायची नाही.

कॉन्कर्डला ती सभा अजून भरते आणि बजेट तिथंच पास होतं. २०१२ मध्ये याच सभेत पाण्याच्या छोट्या प्लॅस्टिक बाटल्या विकायला बंदीचा ठराव झाला. "भांडणं होतात का?" हिनं विचारलं. बाई हसल्या, म्हणाल्या त्याच्यासाठीच तर जातो.

माझ्या डोक्यात तिथंच काहीतरी फिट बसलं. या लोकांना स्वराज्य नव्यानं मिळवायचं नव्हतं, जे होतं ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट, कोर्टाच्या कागदापासून पत्त्यांच्या जोडापर्यंत सगळ्यावर कर, त्याच्यावर एवढा गोंधळ का झाला ते मग कळतं.

जवळच्या एका फार्मवर ॲपल सायडर डोनट गरमगरम मिळाले. या सीझनला आलात तर चुकवू नका.

मंगळवार ते गुरुवार, फिलाडेल्फिया

बॉस्टनहून ट्रेननं साडेपाच तास. उजवीकडची-डावीकडची सीट हा वाद घालू नका, कनेक्टिकटमध्ये समुद्राच्या बाजूची घ्या, म्हणजे दक्षिणेला जाताना डावीकडची.

फिलाडेल्फियात हवा एकदम गरम, जाकिटं बॅगेत. स्वातंत्र्याचा ठराव झाला त्या इंडिपेन्डन्स हॉलचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, एक डॉलर बुकिंग चार्ज, पण वेळ ठरलेली असते आणि सिक्युरिटीची लाइन मोठी, अर्धा तास आधी पोचा. लिबर्टी बेल, म्हणजे स्वातंत्र्याची खूण म्हणून जपलेली घंटा, फुकट आहे, ती बंद व्हायच्या तासभर आधी बघितली तर गर्दी कमी.

हॉलमधली खोली आपल्या जुन्या तालुका कचेरीच्या सभागृहाएवढी असेल. हिरव्या कापडाची टेबलं, पिसाच्या लेखण्या. इथल्या सरकारी गाईडला रेंजर म्हणतात, त्या रेंजर बाईंनी आवाज न चढवता असं काही सांगितलं की चाळीस माणसांत मोबाईल वाजला नाही. स्वातंत्र्याचा ठराव पास झाला तो २ जुलैला, ४ ला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला, आणि बहुतेक सह्या झाल्या २ ऑगस्टला. एकूण ५६. ॲडम्सची तर खात्री होती की लोक २ जुलैच साजरा करतील. डेलावेअरचा एक प्रतिनिधी बाजूनं, एक विरोधात, म्हणून तिसरा सीझर रॉडनी आजारी असताना रात्रभर वादळात घोडा दामटत आला आणि मत टाकलं. डिकिन्सन, ज्यानं कराविरुद्ध सगळ्यांत गाजलेली पत्रं लिहिली होती, तो स्वातंत्र्याच्या मतदानाला आलाच नाही. त्याचं म्हणणं अजून वेळ आलेली नाही, आधी घर बांधा मग जुनं सोडा. आणि नंतर लढायला मात्र गेला. असा माणूस मला या सगळ्या पुतळ्यांपेक्षा जवळचा वाटतो, सांगता येत नाही का.

पण खरी मजा या खोलीत अकरा वर्षांनी झाली. स्वातंत्र्य तर मिळालं, १७८३ ला पॅरिसचा तह झाला, आणि तेरा राज्यं तेरा दिशांना. काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नाही, कारण करावरून तर भांडण झालं होतं, मग तो कोणाच्या हातात द्यायला कोणी तयार होईना. सैनिकांचा पगार थकलेला, मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेजबरोबर बंड करून कोर्टं बंद पाडली, त्यांतले कित्येक जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. मग १७८७ च्या उन्हाळ्यात ५५ माणसं याच खोलीत बसली, गुप्तता म्हणून खिडक्या बंद करून. कोट घालून! ऱ्होड आयलंडनं तर माणूसच पाठवला नाही. मोठी राज्यं म्हणतात लोकसंख्येवर जागा द्या, छोटी म्हणतात सगळ्यांना सारख्या, शेवटी दोन सभागृहांवर तोड निघाली. आणि जागा मोजताना गुलामांना पाचातले तीन धरायचं, मत मात्र शून्य, हेही इथंच ठरलं. रेंजर बाई या वाक्याला थांबल्या, कोणाकडं बघितलं नाही, मग पुढं गेल्या. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. वॉशिंग्टनच्या खुर्चीच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय, ती खुर्ची मूळचीच आहे. ८१ वर्षांचा फ्रँकलिन म्हणाला म्हणे, हा उगवतोय का मावळतोय ते मला इतके दिवस समजत नव्हतं, आता कळलं उगवतोय.

लिबर्टी बेलच्या दारासमोरच वॉशिंग्टन अध्यक्ष असताना राहायचा त्या घराची जागा आहे. तिथं त्यानं नऊ गुलाम ठेवले होते. त्यातली ओना जज १७९६ मध्ये सगळे जेवायला बसलेले असताना दारातून निघून गेली, ती न्यू हॅम्पशायरला पोचली आणि त्यानं माणसं पाठवूनही परत आली नाही. घंटा आणि हे घर, मध्ये दहा पावलं. भाची म्हणाली, "मामा, हे तुमच्या तीन ओळींत नव्हतं ना?" नव्हतं.

खाण्यासाठी रीडिंग टर्मिनल मार्केट. जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांचे स्टॉल आहेत तिथं, बायका पांढऱ्या टोप्या घालून समोर प्रेट्झेल वळतात आणि लोण्यात बुडवून देतात. हिनं तीन खाल्ले आणि जेवण नको म्हणाली. मी चीजस्टेक खाल्लं, ठीक आहे, एवढं काही नाही, फिलाडेल्फियावाल्यांनी माफ करावं. रविवारी आमिश स्टॉल बंद असतात हे लक्षात ठेवा.

अमेरिकन रेव्होल्यूशन म्युझियमला किमान तीन तास द्या. शेवटी एका छोट्या थिएटरमध्ये फिल्म संपते, पडदा वर जातो आणि मागं वॉशिंग्टनचा युद्धातला खरा तंबू उभा असतो. फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे.

शुक्रवार, रस्ता आणि विल्यम्सबर्ग

रेंटल गाडी बुक केली होती सेडान, काउंटरवर म्हणाले पिकअप ट्रक आहे, घ्या नाहीतर दोन तास थांबा. ट्रक घेतला. बॅगा मागं उघड्यावर, वर ताडपत्री नाही, वॉशिंग्टन डीसीजवळ ट्रॅफिक आणि आभाळ भरून आलेलं, ही सारखी मागं वळून बघत होती. पाच तासांचे आठ झाले. शुक्रवारी दुपारी आय-पंच्याण्णव हायवेवर उतरू नका एवढंच सांगतो.

विल्यम्सबर्ग १७८० पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी. जुनं गाव तसंच जपलंय, रस्त्यावर अठराव्या शतकातले कपडे घातलेली माणसं फिरतात आणि तुम्ही प्रश्न विचारला की त्या काळातलं उत्तर देतात. रस्त्यावर फिरायला तिकीट नाही, घरांच्या आत जायला आहे. रॅले टॅव्हर्नपाशी आम्ही कळपात उभे होतो. गव्हर्नरनं इथली सभा बरखास्त केली की प्रतिनिधी जवळच्याच या खानावळीत येऊन बसायचे आणि काम पुढं चालू. १७६९ ला केलं, १७७४ ला परत केलं. मला हे फारच आवडलं, सभागृहाला कुलूप घातलं तरी सभा बंद पडत नाही.

तिथं एका कृष्णवर्णीय बाईंनी, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या गुलाम स्त्रीच्या वेषात, राजाचा इथला शेवटचा गव्हर्नर डनमोरची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर १७७५ ला त्यानं जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूनं लढायला येतील ते मोकळे. मग आमच्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही असता तर कुठल्या बाजूला गेला असता?" या गावातली निम्म्याहून जास्त माणसं तेव्हा काळी होती, बहुतेक सगळी गुलाम. कोणी उत्तर दिलं नाही.

रात्री एका जुन्या पद्धतीच्या टॅव्हर्नमध्ये मेणबत्तीच्या उजेडात शेंगदाण्याचं सूप मेनूवर दिसलं. हिला वाटलं चला, उपासाची दाण्याची आमटी मिळाली. वेटरला विचारलं तर आत चिकनचा स्टॉक. शाकाहारी असाल तर सुपाबद्दल प्रत्येक ठिकाणी विचारा, भाज्यांच्या नावाच्या सुपात पण असतो. तिनं ब्रेड आणि बटाटे खाल्ले, आमटी मी प्यायलो, छान होती.

शनिवार, यॉर्कटाऊन

गावात शिरलो तर पोलीस, बॅरिकेड, गाड्या अडवलेल्या. मग लक्षात आलं, १९ ऑक्टोबर! १७८१ ला याच दिवशी ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. बासऱ्या, ढोल, निळे कोट, फ्रेंच झेंडे, शाळेची पोरं आणि व्हीलचेअरवरचे माजी सैनिक, सगळी मिरवणूक मेन स्ट्रीटवरून. ट्रक लांब लावून पळत पळत आलो. ढोल छातीत वाजतो अक्षरशः.

फ्रेंच झेंडे उगाच नव्हते. समुद्रावर फ्रेंच आरमारानं ब्रिटिश जहाजांना ५ सप्टेंबरला हटवलं नसतं तर कॉर्नवॉलिसला सोडवून नेलं असतं. त्याच्या तीन-चार वर्षं आधीच फ्रेंचांचा वकील सेंट ल्युबिन पुण्यात नाना फडणवीसांकडं येऊन बसला होता आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती, वडगावला इंग्रजांनी मान तुकवली ती जानेवारी १७७९. एकच कंपनी, एकच राजा, दोन टोकांना लढाई.

सरेंडर फील्ड म्हणजे नुसतं कुरण. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, ओहारा नावाच्या जनरलला पाठवलं. ओहारा तलवार घेऊन आधी फ्रेंच सेनापतीकडं गेला, त्यानं वॉशिंग्टनकडं बोट दाखवलं, वॉशिंग्टननं आपल्या दुय्यम जनरल बेंजामिन लिंकनकडं. त्याच्या आधी वेढ्यात अन्न संपलं तसं आश्रयाला आलेल्या काळ्या लोकांना, देवीनं आजारी असलेल्यांना, इंग्रजांनी छावणीबाहेर हाकलून दिलं होतं. त्यांच्यासाठी मिरवणूक नाही.

एका रेंजरला मी सांगितलं की तुमचा हरलेला माणूस पाच वर्षांनी आमच्याकडं गव्हर्नर जनरल होऊन आला, टिपूशी लढला, आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणला त्याच्या बाजूनं हरिपंत फडके आणि आमच्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते, तासगावचं गणपतीचं देऊळ बांधणारे. त्यानं तासगावचं स्पेलिंग वहीत लिहून घेतलं. कॉर्नवॉलिसची कबर गाझीपूरला आहे हे त्याला माहीत होतं, मग आम्ही दोघं अर्धा तास बोलत उभे राहिलो आणि ही आणि भाची आइस्क्रीम खाऊन आल्या.

रविवार, जेम्सटाऊन

यॉर्कटाऊन ते जेम्सटाऊन ३७ किलोमीटर, झाडीतून जाणारा रस्ता, मालट्रक नाही की जाहिरातीची पाटी नाही. १६०७ ला इंग्रज इथं उतरले. ३० जुलै १६१९ ला इथल्या चर्चमध्ये व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली, घामाघूम उन्हात, एक सभासद त्यातच गेला. आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर जवळच्या पॉइंट कम्फर्टला पहिले आफ्रिकन गुलाम म्हणून उतरवले. महिनाही गेला नव्हता. नदीच्या काठी अजून उत्खनन चालू आहे, पोरं चिखलात बसून ब्रशनं माती काढत होती, त्यातल्या एकीनं मातीच्या चिलमीचा तुकडा हातात धरून दाखवला.

एक घोळ होतो तो सांगून ठेवतो. जेम्सटाऊन नावाच्या शेजारी शेजारी दोन जागा आहेत. एक खरी, किल्ल्याची, उत्खननाची, तिथं दोन वेगवेगळ्या संस्थांची फी भरावी लागते. दुसरी जेम्सटाऊन सेटलमेंट, तिथं जहाजांच्या प्रतिकृती आणि म्युझियम. लहान पोरं बरोबर असतील तर दुसरी आधी करा, नाहीतर खरीवर सकाळ घालवा. आणि सगळा इतिहास ओळीनं बघायचा असेल तर आमच्या उलटं या, जेम्सटाऊनपासून सुरू करून फिलाडेल्फियाला संपवा, बॉस्टन मध्ये घ्या. विमान वॉशिंग्टनला उतरवा, गाडी तिथूनच घ्या, आणि बुकिंगच्या वेळी सेडान म्हणजे सेडानच का हे फोन करून विचारा.